आधी अहवाल, मग दौरा

"अहवालात लिहिलंय, आपण भारावून गेलो. मग आता जायचं तरी कशाला?"

बसमधल्या मागच्या सीटवरून आलेली ही कुरकुर दौरेताईंच्या कानात नीट शिरली. बोलणारा वर्गातला झोपाळू होता. हा पोरगा दिवसभर डुलक्या काढायचा आणि जागा झाला की नेमकं नको ते बोलायचा.

"हळू बोल," शेजारची पहिला नंबरवाली कुजबुजली. "पान नऊ वाचलंस का? तिथे तू कंपनीच्या अध्यक्षांना एक प्रश्न विचारलायस."

"मी? काय विचारलं मी?"

"पुढच्या दहा वर्षांच्या धोरणाबद्दल."

"मग काय म्हणाले ते?"

"प्रश्न फार मार्मिक आहे म्हणाले."

झोपाळू सुखावला असावा. थोड्याच वेळात मागून त्याचं घोरणं ऐकू आलं.

दौरेताईंनी मांडीवरचा अहवाल उलटा करून ठेवला. तो त्यांनीच लिहिला होता, आणि लिहून आता पंधरा दिवस होत आले होते. त्यांच्या बिझनेस स्कूलमधून दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं परदेशी अभ्यासदौऱ्यावर जात. पूर्वी अहवाल दौऱ्यानंतर निघायचा. पण एका वर्षी तो इतका लांबला, की छापून आला तोवर मुलं पास होऊन नोकऱ्यांना लागली होती आणि दोघांच्या तर सुटल्याही होत्या. तेव्हापासून संचालकांनी फतवाच काढला: आधी अहवाल, मग दौरा. म्हणजे परत आल्याबरोबर, मुलांच्या बॅगा उघडायच्या आत, जाड गुळगुळीत कागदावरचा अहवाल पाहुण्यांच्या हातात. मागच्या अहवालात देशाचं नाव बदलायचं, कंपनीचं नाव बदलायचं आणि 'भारावून गेले' तसंच ठेवायचं. दौरेताईंचा त्यात हात बसला होता.

त्यांचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नसे. नऊ वर्षं दौऱ्यांची तिकिटं, व्हिसा, हॉटेलं, कोण कुणाशेजारी बसणार नाही, हे सगळं बघायच्या म्हणून त्या दौरेताई. स्वतः मात्र एकाही दौऱ्यावर गेल्या नव्हत्या. नऊ वर्षं हंगामी असलेल्या माणसाला परदेशी कोण धाडणार? या वर्षी ज्या मॅडम जाणार होत्या त्यांच्या मुलीची परीक्षा निघाली, मुलींबरोबर एक बाई हवीच होती, म्हणून यांची वर्णी लागली.

निघण्याआधी संचालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "दौरेताई, महिनाअखेरीला मूल्यांकन समिती येतेय. कॉलेजची श्रेणी ठरायची आहे. दौरा अहवालाबरहुकूम पार पाडून आणा. तुमची कायम नोकरीची ऑर्डर टाइप करून ठेवलीय. फक्त सही बाकी."

ऑर्डर टाइप झालेली त्यांनी स्वतः पाहिली होती. टाइप त्यांनीच केली होती. घरी सासूबाईंनी जाताना हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "परदेशातून मला काही आणू नकोस. ऑर्डर तेवढी घेऊन ये." नवरा म्हणाला, "बाकीच्यांना नऊ वर्षं विमानात बसवलंस. या खेपेला तू बस. आणि खिडकीपाशी बस, काम करत बसू नकोस."

तर आता बस निघाली होती खुर्च्यांच्या कारखान्याकडे. हा कारखाना म्हणजे उदाहरणसरांचा जीव की प्राण. गेली अकरा वर्षं सर वर्गात एकच उदाहरण देत आले होते: सहा-सहा महिने लाकूड वाळवत बसणाऱ्या एका जुन्या कारखान्याने पदवीधर तरुण व्यवस्थापक नेमले, तीन आठवड्यांत खुर्ची तयार करायला सुरुवात केली आणि जग जिंकलं. त्यावर सरांचं पुस्तक होतं. पुस्तकाची चौथी आवृत्ती निघायची होती. सरांनी कारखाना मात्र कधी पाहिला नव्हता. पाहिल्याने मत कलुषित होतं, असं ते म्हणत.

"ताई, भेट पक्की आहे ना?" सरांनी सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

"हो सर. ई-मेलने पाच पत्रं पाठवली. प्रत्येकाला उत्तर आलंय. 'आपला संदेश मिळाला, आपल्या भेटीची आम्ही उत्सुकतेने वाट पाहत आहोत.' तेही मिनिटभराच्या आत."

"बघा! मिनिटभराच्या आत!" सर पोरांकडे वळले. "याला म्हणतात तत्परता. लिहून घ्या."

पहिला नंबरवालीने लिहून घेतलं. पाचही पत्रांना अक्षर न् अक्षर तेच उत्तर आलं होतं, हे दौरेताईंच्या लक्षात आलं होतं. पण मोठ्या कंपन्या असंच लिहीत असतील असं त्यांनी मनाला सांगितलं. पुढचं विचारायचं त्यांच्या मनाने टाळलं.

बस थांबली. फाटकाला कुलूप होतं.

साधंसुधं नाही, गंजलेलं. साखळीला मुळांसारखा एक वेल गुंडाळलेला. फाटकाशेजारच्या खोपटात एक म्हातारा पहारेकरी पाव खात बसला होता. तीस पोरं, सगळी काळ्या कोटात. एक टाय लावलेले सर. आणि शबनम पिशवीत अहवालाच्या प्रती घेतलेल्या एक बाई. हे सगळं उतरताना पाहून त्याने पाव बाजूला ठेवला आणि उभा राहिला.

सोबत घेतलेल्या दुभाषी बाई पुढे झाल्या. त्या याच देशातल्या. आपली भाषा विद्यापीठात पुस्तकांतून शिकलेल्या, त्यामुळे त्यांच्या तोंडून सगळं छापल्यासारखं यायचं.

"हे गृहस्थ सांगतात की कारखाना बंद आहे."

"आज बंद आहे," उदाहरणसर म्हणाले.

"नाही. चार महिन्यांपासून बंद आहे."

"दुरुस्तीसाठी."

"नाही. दिवाळे निघाले आहे."

एवढं म्हटल्यावर कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. तीस जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. दौऱ्याच्या निरीक्षणाला शंभरपैकी चाळीस गुण होते, आणि ते गुण सरांच्या हातात होते. सरांनी फाटकाकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग परत फाटकाकडे. पहिला नंबरवालीनेच शेवटी कोंडी फोडली.

"सर, प्रवेश किती काटेकोर आहे नाही यांच्याकडे?"

"अगदी बरोबर!" सरांच्या जिवात जीव आला. "उगाच कुणीही आत शिरत नाही. लिहून घ्या."

दौरेताईंनी मात्र पिशवीतला अहवाल काढून पान चौदा उघडलं. अहवालाच्या दोनशे प्रती छापल्या होत्या. पान चौदावर चौकट रिकामी होती. तिथे फोटो चिकटवायचा होता, आणि खाली आधीच छापलं होतं: 'अध्यक्षांसमवेत विद्यार्थी.' अध्यक्ष आणायचे कुठून? अध्यक्ष नाहीत तर फोटो नाही, फोटो नाही तर अहवाल खोटा, आणि अहवाल खोटा तर ती सही...

"सर, आपण परत जाऊया का?" त्यांनी हळूच विचारलं.

"आणि संचालकांना काय सांगायचं? तुम्ही सांगणार का?"

दौरेताईंनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

तेवढ्यात पहारेकऱ्याने काहीतरी विचारलं. त्याचा आवाज एकाएकी बदलला होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती.

दुभाषी बाई म्हणाल्या, "यांची अशी समजूत झाली आहे की आपण सर्व जण कारखाना विकत घेण्याकरिता आला आहात. तसे असल्यास ते आपणांस आनंदाने आत नेतील."

"नाही म्हणून सांगा ना," दौरेताई म्हणाल्या.

"थांबा, थांबा," सर म्हणाले. "एकदम नाही कशाला म्हणायचं? विचार करतोय म्हणावं. विचार तर आपण करतोच आहोत की."

"मी जे सांगाल त्याचे भाषांतर करीन," दुभाषी बाई शांतपणे म्हणाल्या. "असत्य असल्यास ते आपले असत्य राहील, माझे नव्हे."

"माझंच राहू दे हो. पण आत तर जाऊ द्या!"

असं ते असत्य सरांच्या नावावर जमा झालं आणि फाटक उघडलं. उघडता उघडता पहारेकऱ्याने खिशातून फोन काढून दोन-तीन ठिकाणी भराभर काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, हे कुणी विचारलं नाही.

आत लांबलचक शेड होती. छपराच्या फटींतून उन्हाचे पट्टे पडले होते आणि त्यांत धूळ संथ फिरत होती. भिंतीला अर्धवट राहिलेल्या खुर्च्या टांगलेल्या. कुणाला पाठ नाही, कुणाला हात नाहीत. अहवालात पान पाचवर 'यंत्रांच्या लयबद्ध नादाने विद्यार्थी मंत्रमुग्ध झाले' असं लिहिलं होतं. त्या जागी कबुतरांचा आवाज होता. सर त्यालाही लयबद्ध म्हणायच्या बेतात होते, पण कबुतरं मधेच थांबली.

पहारेकरी मूळचा पहारेकरी नव्हताच. एकतीस वर्षं लाकूड कापायच्या विभागात होता. कारखाना बंद झाल्यावर किल्ल्या कुणाकडे तरी हव्यात म्हणून त्याला खोपटात बसवलं होतं. तो एकेका यंत्रापाशी थांबून, त्यावर हात ठेवून, आपल्या माणसाची ओळख करून द्यावी तसं सांगत होता. मुलं पहिल्यांदाच खरंच ऐकत होती. झोपाळू तर पूर्ण जागा होता.

आणि जागा झाल्यावर तो बोलला.

"मग बंद का पडला?"

सर खोकले. दुभाषी बाईंनी प्रश्न पोचवला. म्हातारा बराच वेळ बोलला.

"हे गृहस्थ म्हणतात: बऱ्याच वर्षांपूर्वी येथे आपल्यासारखेच काळ्या कोटातील सुशिक्षित तरुण आले. त्यांनी सांगितले की लाकूड सहा महिने वाळवणे हा मूर्खपणा आहे, तीन आठवडे पुरेत. आम्ही म्हटले, लाकूड ओले राहील. ते म्हणाले, हे पुस्तकात आहे. नंतर ज्या घरी आमच्या खुर्च्या गेल्या, त्या तेथे हिवाळ्यात एकेक करून तडकल्या. लोक बसले असता तडकल्या."

तीसही मुलांना ते तीन आठवडे पाठ होते. परीक्षेत त्यावर हमखास पंधरा गुणांचा प्रश्न यायचा.

"अं... अंमलबजावणीतल्या अडचणी," उदाहरणसर म्हणाले. "लिहून घ्या."

या खेपेला कुणी लिहून घेतलं नाही. पहिला नंबरवालीच्या पेनाचं टोपणसुद्धा निघालं नाही.

तेवढ्यात शेडच्या दाराशी माणसं जमू लागली. आधी सहा-सात, मग पंधरा-वीस. कुणी वयस्कर, कुणी मध्यमवयीन. सगळे धुतलेल्या कपड्यांत, केस नीट विंचरलेले. पहारेकऱ्याच्या फोनचा हा परिणाम. एकाने येता येता यंत्राला तेल द्यायला घेतलं. दुसऱ्याने मुख्य खटका दाबला, आणि एक करवत घरघर करत खरंच सुरू झाली. तिच्या आवाजाने जमलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते पाहून दौरेताईंना मान वळवावी लागली. त्यांना वाटलं, आता सांगायला हवं. सरांनी सांगावं. सरांना वाटलं, दुभाषी बाईंनी सांगावं. दुभाषी बाई सांगायला मोकळ्याच होत्या, पण त्यांना कुणी वाक्यच देत नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच सरांचा फोन वाजला. संचालकांचा व्हिडिओ कॉल.

"सर, समिती आलीय!" संचालकांचा चेहरा पडद्यावर मावत नव्हता. "आठवडाभर आधी! आत्ता माझ्या हॉलमध्ये बसलेत सगळे. मोठ्या पडद्यावर लावतोय तुम्हाला. अध्यक्ष आहेत ना तिथे? पान आठ, नऊ, दहा, होऊ दे सुरू!"

पडद्यावर हॉल दिसला. पुढच्या रांगेत चार-पाच पाहुणे, मधोमध समितीच्या अध्यक्षा, पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांच्या हातात अहवाल होता.

सरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि पहारेकऱ्याला धरून एका त्यातल्या त्यात पूर्ण खुर्चीवर बसवलं. पहिला नंबरवालीच्या हातात फोन दिला. "छातीच्या वर धर. पायात चपला आहेत त्यांच्या."

"हे का... हे अध्यक्ष?" संचालकांनी विचारलं.

"अत्यंत साधे आहेत," सर म्हणाले. "यांची जगभर ख्याती आहे त्याबद्दल. हं, प्रश्न पहिला!"

पहिला नंबरवालीने पान आठवरचा प्रश्न बिनचूक म्हटला. "आपल्या संस्थेत तळातल्या कर्मचाऱ्याचं म्हणणं वरपर्यंत कसं पोचतं?"

म्हाताऱ्याने छताकडे बोट दाखवून उत्तर दिलं.

"छतातून पाणी टपकते," दुभाषी बाई म्हणाल्या. "याबद्दल मी सात वेळा अर्ज दिले. एकाचेही उत्तर आले नाही."

"पाहा!" सर फोनकडे झेपावले. "सात वेळा! कर्मचाऱ्याला किती मोकळीक! आपल्याकडे दुसऱ्या अर्जाला माणूस दमतो."

"छान, छान," संचालक म्हणाले. समितीच्या अध्यक्षांनी अहवालातलं पान आठ काढलं, छापलेलं उत्तर वाचलं आणि चष्मा वर सरकवला.

दुसरा प्रश्न झोपाळूचा होता, पुढच्या दहा वर्षांच्या धोरणाचा. तो उभा राहिला. तोंड उघडलं. म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि खाली बसला.

"मला नाही विचारायचं," तो म्हणाला.

"लाजतोय," सर म्हणाले. "भारावून गेलाय."

दौरेताई एवढा वेळ एका खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या बाहीला कुणीतरी हलकेच ओढलं. त्यांच्याच वयाची एक बाई होती, बोटांना सुया टोचून टोचून झालेले घट्टे, हातात कापडाची एक गादी. खुर्च्यांच्या गाद्या शिवायच्या विभागातली. तिने दौरेताईंकडेच पाहून, हळू आवाजात, एक प्रश्न विचारला. मालकांत बाई दिसली म्हणून बहुधा धीर झाला असेल.

दुभाषी बाईंनी आपलं काम केलं. त्यांचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"ही भगिनी विचारते: मी येथे अकरा वर्षे हंगामी म्हणून काम केले. दर वर्षी सांगत असत, पुढील वर्षी कायम करू. तुम्ही नवे मालक आहात. तुम्ही तरी कायम कराल का?"

पडद्यावरच्या हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"नवे मालक?" समितीच्या अध्यक्षांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "कोण नवे मालक? तुम्ही अभ्यासदौऱ्यावर गेला आहात ना?"

"ते एक, ते प्रेमाने म्हणतात तसं," सर म्हणाले. "इथली पद्धत आहे. पाहुण्याला मालक."

"आमच्या देशात अशी कोणतीही पद्धत नाही," दुभाषी बाई म्हणाल्या.

"ताई, ही काय भानगड आहे?" संचालक ओरडले, आणि मग समितीकडे बघून आवाज गोड केला. "आमच्या दौरेताई आहेत तिथे. दौऱ्याचं सगळं त्याच बघतात. अहवालही त्यांनीच लिहिलाय. त्या सांगतील नीट. सांगा दौरेताई, शांतपणे सांगा. तुमच्या त्या ऑर्डरवर मी आजच सही करणार होतो, आठवतंय ना?"

पहिला नंबरवालीने फोन दौरेताईंकडे वळवला. सर त्यांच्याकडे असे बघत होते, की त्यांच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती जणू दौरेताईंच्या जिभेवर ठेवली होती. तीस मुलं बघत होती. धुतलेल्या कपड्यांतली वीस माणसं बघत होती. कुणीतरी करवत बंद केली.

दौरेताईंच्या मनात वाक्य तयार होतं. नऊ वर्षं अशीच वाक्यं त्यांनी लिहिली होती. एक काढून वाचायचं, एवढंच. 'या हृद्य संवादाने उपस्थित सारे भारावून गेले.' मग सही. मग सासूबाईंच्या हातात ऑर्डर.

गादी शिवणारी बाई अजून त्यांच्याकडेच पाहत होती. तिला फोनशी, समितीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त हो की नाही, एवढं हवं होतं. नऊ वर्षं दर मार्च महिन्यात संचालकांच्या केबिनबाहेर आपण याच तोंडाने उभ्या राहत असू, असं दौरेताईंना एकदम वाटून गेलं.

"नाही हो बाई," त्या म्हणाल्या. "आम्ही कुणी मालक-बिलक नाही. आम्ही कारखाना घ्यायला आलेलो नाही. हा कारखाना बंद पडलाय, हे तुमचे पहारेकरी आहेत, अध्यक्ष नाहीत, आणि आम्ही नुसते बघायला आलोय. बघायच्या आधीच काय बघितलं ते मी लिहून मोकळी झालेय. तुम्ही उगाच धुतलेले कपडे घालून आलात. माफ करा."

"ताई!" एकाच वेळी दोन देशांतून ओरडा झाला.

दुभाषी बाई बोलल्या, वाक्यामागून वाक्य, काहीही न गाळता. शेडमधली माणसं जागच्या जागी उभी राहिली. म्हातारा खुर्चीवरून उठला आणि त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. गादी शिवणाऱ्या बाईने मान खाली घातली. मग तिने पुन्हा काहीतरी विचारलं, अगदी थोडकं.

"ही विचारते," दुभाषी बाई म्हणाल्या, "की मग तुम्ही तेथे कायम आहात का?"

फोनमधून संचालक काहीतरी सांगत होते. समितीच्या अध्यक्षा त्यांना हाताने गप्प करत होत्या.

"सांगा तिला," दौरेताई म्हणाल्या, "मीपण हंगामीच आहे. ऑर्डर मीच टाइप केलीय. पण संचालकांना सही करायचीच नव्हती कधी, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे."